पायऱ्यांवरची निळी छत्री

नमस्कार, मित्रांनो. छत्रीला कुणी तिची कहाणी विचारत नाही. तिला उघडतात, मिटतात आणि बसमध्ये विसरून उतरून जातात. मला मात्र आजवर कुणी विसरले नाही, हे माझे भाग्य. मी लाकडी मुठीची, गडद निळ्या कापडाची, चांगली ऐसपैस छत्री आहे. कापड आता विटले आहे आणि एक काडी वाकलेली आहे. पण कळ दाबलीत तर अजूनही मी एका दमात उघडते.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, एक लांबट खोलीच होती ती. एका भिंतीशी दांड्यांचे भारे, दुसऱ्या भिंतीशी कापडाचे तागे आणि मध्ये चष्मा कपाळावर चढवून बसलेला कारागीर. त्याने माझ्या काड्या एकेक करून बसवल्या, प्रत्येक टोकाला टाका घातला आणि मूठ तेलाने पुसली. मग मला उघडून तो स्वतःच माझ्याखाली उभा राहिला आणि म्हणाला, "झकास! आता कुणाच्या घरी जायचं ते तुझं तू बघ."

मी गेले ती एका मंत्र्याच्या घरी.

मला विकत घेतले मंत्र्यांच्या पत्नीने. सगळे लोक त्यांना वहिनीसाहेब म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. त्या उंच होत्या आणि ऊन त्यांना सोसत नसे. दुकानदाराने त्यांच्यापुढे फुलाफुलांच्या, झालरी लावलेल्या छत्र्या मांडल्या. वहिनीसाहेबांनी त्या बाजूला सारल्या. "अहो, ही काय छत्री? डोक्यावर बशी ठेवल्यासारखं वाटतं. ती पुरुषांची दाखवा, ती निळी." अशी मी त्यांची झाले.

बंगल्यात दारापाशी पितळेचे उंच भांडे होते. त्यात मी उभी असे. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बोलणे मला आपोआप ऐकू येई. साहेब, म्हणजे मंत्री, बोलण्यात मोठे गोड होते. माळ्याला काका म्हणत, ड्रायव्हरच्या मुलांची चौकशी करत. सभेत बोलायला उभे राहिले की लोक जागचे हलत नसत. वहिनीसाहेब कमी बोलत. त्या रोज सकाळी मला घेऊन बागेत फिरत आणि परत आल्यावर स्वतःच्या हाताने माझी धूळ झटकत. ते दिवस माझ्या सुखाचे होते.

मित्रांनो, पुढचे सांगताना मी जरा अडखळते. काही गोष्टी मोठी माणसे तुमच्यासमोर बोलत नाहीत. तुम्ही आलात की विषय बदलतात. तरी त्या तुमच्या कानांवर पडतातच. तेव्हा सरळ सांगितलेलेच बरे.

साहेबांच्या कार्यालयात एक टायपिस्ट मुलगी होती. नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, घड्याळे दुरुस्त करणाऱ्याची एकुलती एक लेक. कधी कधी ती फायली घेऊन बंगल्यावर येई आणि पायपुसण्यावर चपला इतक्या वेळ पुसत राही, की ड्रायव्हर तिला चिडवत असे. साहेब तिच्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी आधी तिच्या कामाचे कौतुक केले. मग तिला दौऱ्यांवर नेऊ लागले. मग तळ्याकाठच्या सरकारी विश्रामगृहात बोलावू लागले. तिला सुरुवातीला वाटले, एवढा मोठा माणूस आपल्यावर खरेच प्रेम करतो. पुढे तिला ते नकोसे झाले, पण नाही म्हणायची वाट साहेबांनी ठेवलीच नव्हती. नोकरी त्यांच्या हातात आणि वडिलांचे दुकान होते ती सरकारी जागाही त्यांच्याच हातात.

एके दिवशी विश्रामगृहातून बाहेर पडणाऱ्या त्या दोघांचा फोटो वर्तमानपत्रात छापून आला. मग काय विचारता! बंगल्यातला फोन घणघणायचा थांबेना. वर्तमानपत्रांनी त्या मुलीचे नाव ठेवले 'बाहुली'. साहेबांची बाहुली. खरे नाव सगळे विसरले.

साहेबांनी पत्रकारांना बंगल्यावर बोलावले. लोक यायच्या आधी दारापाशीच ते वहिनीसाहेबांना म्हणाले, "तुला फक्त माझ्या शेजारी उभं राहायचंय. बोलायचं काही नाही."

"हसायचं का?" वहिनीसाहेबांनी विचारले.

"थोडंसं," साहेब म्हणाले. त्यांना ती थट्टा कळलीच नाही.

मग साहेबांनी पत्रकारांना सांगितले की ती मुलगीच त्यांच्या मागे लागली होती, तिचे डोके ठिकाणावर नाही, विरोधकांनी तिला पढवले आहे आणि ते स्वतः त्या संध्याकाळी घरी पत्नीबरोबर जेवत होते. वहिनीसाहेब शेजारी उभ्या होत्या. हसल्या मात्र नाहीत.

प्रकरण वाढले, तशी सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. समितीचे काम बंद दाराआड चालणार होते. एकाच दिवशी त्या मुलीलाही बोलावले आणि वहिनीसाहेबांनाही. त्या दिवशी ऊन मी म्हणत होते. वहिनीसाहेबांनी मला भांड्यातून उचलले आणि गाडीत बसल्या. त्यांच्याबरोबर पक्षाचे सरचिटणीस होते. वाटभर ते एकच घोकून घेत होते, "संध्याकाळी साहेब घरी होते. दोघं जेवलात. बस, एवढंच सांगायचं." वहिनीसाहेब खिडकीबाहेर पाहत होत्या.

समितीची इमारत जुनी, दगडी. समोर रुंद पायऱ्या, आत लांब व्हरांडा आणि भिंतीला लावलेली बाके. एका बाकावर आम्ही बसलो. समोरच्या बाकावर त्या मुलीचे वडील एकटेच होते. मुलगी आत होती. घड्याळवाल्याचे हात किती स्थिर असायला हवेत! पण ते हातातली टोपी सारखी उलटसुलट करत होते.

दार उघडले आणि ती बाहेर आली. चेहरा पांढराफटक. आत तिला जे प्रश्न विचारले ते कुणी कुणाला विचारू नयेत, असे तिने पुढे एकदा सांगितले. त्यापेक्षा जास्त ती कधी बोलली नाही.

तिचे वडील शिपायाला म्हणाले, "मागच्या दारानं सोडा ना आम्हाला. पुढं सगळे कॅमेरेवाले उभे आहेत."

"मागचं दार बंद आहे, काका," शिपाई खाली मान घालून म्हणाला. "वरून सांगितलंय."

बाहेरून आरोळ्या येत होत्या. "बाहुली! ए बाहुली! जरा तोंड दाखव की!" वडिलांनी आपला कोट काढला आणि लेकीच्या डोक्यावर घालू लागले. कोट आखूड होता. डोके झाकले की चेहरा उघडा पडे, चेहरा झाकला की तिला पायाखालचे दिसेना. ती तशीच भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिचे दात वाजू लागले. एवढ्या उन्हात.

तेव्हा वहिनीसाहेब उठल्या.

"वहिनीसाहेब, आता तुमची पाळी," सरचिटणीस म्हणाले.

"आलेच. थांबायला सांगा त्यांना जरा."

त्यांनी व्हरांड्यातच माझी कळ दाबली. मी उघडले. त्या मुलीजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "चल."

मुलीने त्यांना ओळखले आणि ती आणखीच आक्रसली. "बाईसाहेब, मी... माझं चुकलं..."

"ते नंतर बघू कुणाचं काय चुकलं. आता माझा दंड धर. वर बघू नकोस, नुसती पायरी बघ."

मित्रांनो, त्या पायऱ्या मी जन्मात विसरणार नाही. वडील पुढे वाट काढत होते. वहिनीसाहेबांनी मला इतके पुढे झुकवले होते की माझे कापड त्या दोघींच्या कमरेपर्यंत आले होते. चारी बाजूंनी लखलखाट. लोक ओरडत होते, शिट्ट्या मारत होते. एकाने खालून वाकून फोटो काढायचा प्रयत्न केला, त्याच्या कॅमेऱ्याची धडक बसून माझी काडी वाकली. वहिनीसाहेबांनी माझी मूठ आणखी घट्ट धरली. माझ्याखाली त्या दोघींचा श्वास एकमेकींना लागत होता आणि वहिनीसाहेब हलक्या आवाजात म्हणत होत्या, "पायरी. पायरी. अजून एक. शाबास."

खाली टॅक्सी होती. मुलगी आत बसली. वहिनीसाहेबांनी मला उघडेच तिच्या हातात दिले, म्हणजे खिडकी झाकता येईल.

"अहो, तुम्हाला ऊन लागेल," ती कशीबशी म्हणाली.

"मला आता बरंच काही लागणार आहे. उन्हाचं काय घेऊन बसलीस?" आणि पदर डोक्यावरून पुढे ओढून, मान खाली घालून त्या गर्दीतून परत आत गेल्या. कॅमेरे टॅक्सीमागे धावत होते, त्यामुळे त्यांच्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत माझा फोटो होता. एक मोठी निळी छत्री आणि खाली चार पावले. 'बाहुली छत्रीआड' असा मथळा. दुसरी पावले कुणाची, यावर लोकांनी पैजा लावल्या. कुणी म्हणाले मावशी असेल, कुणी म्हणाले विरोधी पक्षाची पुढारीण. ज्यांनी व्हरांड्यात पाहिले होते त्यांची तोंडे पक्षाने बंद केली. साहेबांच्या बायकोने त्या मुलीला आधार दिला हे बाहेर येणे पक्षाला परवडणारे नव्हते. उलट हळूहळू एक अफवा पसरली, की वहिनीसाहेबांनी त्या दिवशी बाहुलीच्या थोबाडीत मारली.

साहेबांनी प्रकृतीचे कारण देऊन राजीनामा दिला. समितीचा अहवाल कुणी पाहिला नाही. वहिनीसाहेब बंगला सोडून निघून गेल्या, एवढे कानांवर आले.

मी त्या मुलीकडेच राहिले. ती आता माझी मालकीण झाली. वडिलांनी दुकान मिटवले आणि दोघे दूरच्या एका लहान गावी गेले. तिथे तिला एका रोपवाटिकेत काम मिळाले. कोपरापर्यंत माती लागलेल्या माणसाला कुणी नावगाव विचारत नाही. रोपवाटिकेचा मालक अबोल माणूस. त्याने लग्नाचे विचारले, तेव्हा तिने त्याला सगळे सांगितले. त्याने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ही छत्री चांगली मोठी आहे. गुलाबाच्या कलमांना दुपारची सावली लागते. घेऊ का?" हाच त्याचा होकार.

तेव्हापासून मी कलमांची छत्री झाले. बांबूला बांधून मला वाफ्यावर उभे करत. माझ्या सावलीत किती रोपे वाढली! गिऱ्हाईक म्हणत, "छत्रीखालची द्या हो, ती जगतात." मला फार अभिमान वाटे. पुढे हिरव्या जाळीचा मांडव आला आणि माझी गरज संपली. मी कपाटावर गेले. कोळ्याने माझ्या काड्यांत घर केले. मालक आजारी पडून गेला, घड्याळवाले आजोबा गेले, मालकिणीची लेक मोठी झाली आणि रोपवाटिका सांभाळू लागली. मी कपाटावरून हे सगळे पाहत होते.

मालकिणीने लेकीला काहीच सांगितले नव्हते. लेकीला एवढेच माहीत होते की आई फोटो काढू देत नाही, अनोळखी गाडी दारात थांबली की मागच्या खोलीत जाते आणि फाटकाला दिवसासुद्धा कडी घालते. लेक हसून म्हणे, "आई, तू काय खूनबिन करून आलीयेस का?" मालकीणही हसे, पण त्या हसण्यात जीव नसे.

मग एका दुपारी जेवताना लेक फोनवर बातमी वाचू लागली. "आई, ऐक. 'बाहुली' नावाची मालिका येतेय. तो जुना मंत्री नाही का, त्याचं लफडं झालं होतं? त्यावर. तो म्हातारा अजून आहे म्हणे. मुलाखत दिलीये त्यानं. म्हणतो, 'माझ्या बायकोनं पायऱ्यांवर सगळ्यांदेखत त्या पोरीच्या थोबाडीत मारली.' मालिकेत शेवटी तेच दाखवणार आहेत."

मालकिणीचा घास हातातच राहिला. "खोटं आहे ते."

"काय खोटं?"

"थोबाडीत नव्हती मारली."

"तुला काय माहीत?"

"मी होते तिथं. त्या पायऱ्यांवर."

"म्हणजे गर्दीत होतीस?"

"नाही गं," मालकीण म्हणाली. "गर्दी माझ्यासाठी जमली होती."

लेकीने फोन खाली ठेवला. मालकिणीने स्टूल ओढून मला कपाटावरून काढले, कोळ्याचे घर पुसले आणि मला मांडीवर घेऊन सगळे सांगितले. विश्रामगृह, फोटो, वडिलांचा कोट, पायऱ्या. लेक ऐकत होती. शेवटी तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले.

"तुला लाज वाटत असेल माझी," मालकीण म्हणाली.

"लाज? अगं, मला वाटायचं तुला कसलातरी मोठा आजार आहे आणि तू तो माझ्यापासून लपवतेयस! रात्र रात्र विचार करत बसायचे मी, आई गेली तर काय करू." तिने नाक पुसले. "आणि निघालं हे! देवा!"

मग दोघी एकमेकींना धरून हसल्या आणि रडल्या. भाजी पार थंड होऊन गेली.

संध्याकाळी मालकीण म्हणाली, "माझ्याबद्दल त्यांना काय दाखवायचं ते दाखवू देत. मला सवय आहे. पण त्या बाईनं मला मारलं, असं मी दाखवू देणार नाही." आणि ज्या बाईने इतकी वर्षे अनोळखी गाडी पाहिली की घर गाठले, ती मला घेऊन लेकीबरोबर शहराच्या गाडीत बसली.

चित्रीकरण एका मोठ्या शेडमध्ये चालले होते. आत लाकडाच्या पायऱ्या उभारल्या होत्या, त्यांना दगडाचा रंग दिलेला. मालकीण पाहतच राहिली. खालच्या पायरीवर एक मुलगी बिस्किट खात बसली होती. दोन वेण्या, पांढरट ओठ, अंगावर त्या दिवशीसारखाच साधा झगा.

"ही कोण?" मालकिणीने विचारले.

"ही तू आहेस, आई," लेक म्हणाली.

मालकीण कितीतरी वेळ त्या मुलीकडे बघत होती. "एवढी लहान होते मी?" ती म्हणाली. "मला वाटायचं, मी चांगली मोठी होते. कळायला हवं होतं मला सगळं. ही तर पोर आहे गं." मित्रांनो, तिची मुठीवरची पकड तेव्हा सैल झाली. इतकी वर्षे ती स्वतःला जे बोल लावत होती, ते त्या बिस्किट खाणाऱ्या पोरीला तिला लावता येईनात.

दिग्दर्शिका तरुण होती, डोक्याला रुमाल बांधलेली. पाहुणी कोण ते कळताच ती गडबडली. "आमच्या वकिलांशी बोलता का तुम्ही?"

"वकिलांशी माझं काही काम नाही. फक्त ती थोबाडीत काढून टाका. तसं झालंच नाही."

"पण साहेबांनी स्वतः सांगितलंय. आणि वहिनीसाहेब आम्हाला भेटायलाच तयार नाहीत. किती निरोप पाठवले."

"फोन लावा," मालकीण म्हणाली. "मी बोलते."

फोन लागला. सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला. पलीकडून म्हाताऱ्या, पण खणखणीत आवाजात कुणी म्हणाले, "मी सांगितलंय ना एकदा, मला काही बोलायचं नाही म्हणून?"

"वहिनीसाहेब, मी... मी टायपिस्ट बोलतेय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग वहिनीसाहेब म्हणाल्या, "माझी छत्री आहे का अजून?"

"आहे. एक काडी वाकलीये. तेवढंच."

"मग हरकत नाही." त्या म्हणाल्या. "कशी आहेस गं?"

"बरी आहे. लेक आहे मला. तुम्ही इतकी वर्षं काहीच का नाही बोललात?"

"मी बोलले असते तर तुझ्या दारात पुन्हा कॅमेरे आले असते. तू का नाही बोललीस?"

"मी बोलले असते तर तुमच्या दारात आले असते."

"शहाण्या आहोत आपण दोघी!" वहिनीसाहेब म्हणाल्या.

"हे लोक दाखवतायत की तुम्ही मला थोबाडीत मारलीत."

"मारायची होतीच मला एक. पण गाल तुझा नव्हता."

सगळी शेड हसली. दिग्दर्शिका हसली नाही. ती टेबलाशी बसली आणि वहिनीसाहेबांना विचारून विचारून ऐकू लागली. मालकीण आणि लेक तेवढ्यात चहाला गेल्या. परत आल्या तर निर्माता येऊन ठेपला होता आणि ओरडत होता, "जाहिरातीत थपडेचं सांगून झालंय! लोक तीच बघायला बसणार आहेत. छत्री बघायला कोण बसतंय?"

तेव्हा वहिनीसाहेबांचे काम करणारी जुनीजाणती नटी उठली. "अहो, पडद्यावर थपडा मारून मारून माझा हात दुखायला लागला. सवतीला मारली, सुनेला मारली. छत्री एकदाही उघडली नाही. हे मला करू द्या. नाहीतर दुसरी वहिनीसाहेब शोधा."

निर्माता नरमला, पण पुरता नाही. "दोन्ही घ्या. कुठलं ठेवायचं ते मी नंतर बघतो."

नटीने थोबाडीत मारायला साफ नकार दिला, तेव्हा तो भाग पाठीमागून दुसऱ्या बाईवर घेतला. मग माझी पाळी आली. मालकिणीने नटीला दाखवले, मूठ कशी धरायची, किती झुकवायचे. इतक्या वर्षांनी माझी कळ दाबली गेली आणि मी उघडले. लखलखाट झाला. माझ्याखाली नटी त्या पोरीला हळूच म्हणाली, "पायरी. पायरी. शाबास." मालकीण आतापर्यंत कायम माझ्या आत होती. त्या दिवशी प्रथमच तिने आम्हाला बाहेरून पाहिले.

पण निर्माता कुठले ठेवणार, हे कुणालाच माहीत नव्हते. शेवटचा भाग प्रसिद्ध व्हायचा त्या सकाळी मालकीण आणि लेक मला घेऊन वहिनीसाहेबांच्या घरी गेल्या. दोन खोल्यांचे नीटनेटके घर. वहिनीसाहेब काठी टेकत दारात आल्या, मालकिणीला आपादमस्तक न्याहाळले आणि तिच्या खरखरीत हातांवरून हात फिरवला. "मातीत काम करतेस? छान." मग मला घेतले आणि पदराच्या टोकाने माझी मूठ पुसली.

तिघी टीव्हीसमोर बसल्या. वहिनीसाहेबांचे शेरे चालूच होते. "हा साहेब फार देखणा घेतलाय. आणि ही मी? मी एवढी जाडी होते का गं?" लेक हसून हसून बेजार झाली. पण मग पायऱ्या आल्या. व्हरांडा. आखूड कोट. नटी उठते, चालत येते, हात वर जातो. मालकिणीने डोळे मिटून घेतले.

फट् असा आवाज झाला. माझी कळ!

"उघड डोळे," वहिनीसाहेब म्हणाल्या. "छत्रीच आहे."

मालकिणीने सोडलेला श्वास मला इतका लांब ऐकू आला, की वाटले तो त्या टॅक्सीतच तिने धरून ठेवला होता.

मालिका तिथे संपली नाही. नटी पायऱ्या चढून परत वर गेली. समितीपुढे बसली. सरचिटणीस दारातून बघत होते. समितीच्या प्रमुखांनी विचारले, 'त्या संध्याकाळी साहेब घरी होते?' नटी म्हणाली, 'नाही. मी जेवायची थांबले होते. ते आले नाहीत. ती मुलगी खरं बोलतेय.'

मालकीण वळून वहिनीसाहेबांकडे बघू लागली. "तुम्ही... असं सांगितलंत आत जाऊन?"

"मग? तुला काय वाटलं, छत्री देऊन घरी गेले?"

"मला वाटायचं, माझ्यावर कुणीच विश्वास ठेवला नाही."

"मी ठेवला होता. लेखी सांगितलं होतं त्यांना. त्यांनी दडपलं, त्याला मी काय करू?" वहिनीसाहेबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "रड. आता रडलीस तरी चालेल. इथं कुणी फोटो काढत नाही."

म्हाताऱ्या साहेबांनी दुसऱ्या दिवशी मालिका खोटी असल्याचे पत्रक काढले. ते कुठल्याशा आतल्या पानावर आले. फारसे कुणी वाचले नाही.

आज सकाळी आम्ही रोपवाटिकेत परतलो. मालकीण माती कालवत होती. नेहमी येणारी एक शिक्षिका कुंड्या निवडत होती. ती म्हणाली, "परवा बाहुली बघितलीत का हो? काय ती छत्री! मला तर रडूच आलं. कोण असेल ती मुलगी? कुठं असेल आता?"

लेकीने आईकडे पाहिले. मालकिणीने हात झटकले.

"मीच ती," ती म्हणाली. "छत्री ती बघा, खुंटीला आहे."

शिक्षिका थक्क होऊन कधी माझ्याकडे, कधी मालकिणीकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "अगंबाई! आणि मघापासून मी तुम्हाला कुंड्या उचलायला लावतेय! बसा, बसा तुम्ही. मी घेते." आणि स्वतःच दोन कुंड्या कडेवर घेऊन निघून गेली. फाटक तिने उघडेच टाकले. मालकीण ते लावायला गेली नाही.

मित्रांनो, मला जपा, पुसून ठेवा, असे मी सांगणार नाही. छत्री आहे, कधीतरी फाटणारच. पण कधी तुम्हाला कुणी तोंड लपवून चाललेले दिसले आणि भोवती माणसे फोन उगारून उभी असली, तर तुमचा फोन खिशातच राहू द्या. जमले तर मध्ये जाऊन उभे राहा. छत्री नसली तर कोट चालेल, वही चालेल, नुसती तुमची पाठही चालेल. आणि कुणी एखाद्याला नाव ठेवले, तर त्याचे खरे नाव काय आहे ते आधी विचारा.

आता मी थांबते. दुपार झाली आहे. मालकीण वाफ्याशेजारच्या खाटेवर जरा टेकली आणि तिला गाढ झोप लागली. फाटक सताड उघडे आहे, दोन गिऱ्हाइके रोपे बघत हिंडत आहेत. चेहऱ्यावर ऊन येऊ लागले म्हणून लेकीने मला तिच्या उशाशी उघडून ठेवले आहे. तुम्हीही जाताना जरा पावले न वाजवता जा. फार दिवसांनी झोपली आहे ती.